एका इंजिनाचा धसका

निरवांगीच्या श्रीपतीला एकटी वस्तू बघवत नसे. पँटीला पट्टा असला तरी आतून तो सुतळीची गाठ मारायचा. मोटारसायकलच्या डिकीत पंक्चरचं सामान असायचं, शिवाय मागं कॅरेजला एक जास्तीची ट्यूब बांधलेली. विहिरीतला पंप वर काढायचा असला की चेनपुलीच्या साखळीवर त्याचा भरवसा नसायचा. साखळीच्या जोडीला एक सोल, म्हणजे जाड दोरखंड, आणि तोही तुटलाच तर म्हणून दुसरा. पस्तीस वर्षं त्याने इंदापूर तालुक्यातल्या मोटारी दुरुस्त केल्या, एकही त्याच्या हातून विहिरीत पडली नाही, आणि याचं श्रेय तो आपल्या हाताला न देता आपल्या भीतीला द्यायचा. मी भितो म्हणून तुमच्या मोटारी जित्या हायती, असं तो शेतकऱ्यांना बजावून सांगे. गावातले टारगट म्हणायचे, बरं झालं, लग्नाच्या वेळी कुणी श्रीपतरावाला स्पेअरचं सुचवलं नाही. त्यावर त्याची बायको ताईबाई भाकरी थापता थापता शांतपणे म्हणे, "सुचवून बघायचं हुतं की."

अशा माणसाला मूल मात्र एकच झालं. प्रियदर्शनी.

पोरगी हुशार निघाली, बारावीला विज्ञान घेतलं, आणि मग एके दिवशी शिष्यवृत्तीच्या जाहिरातीवर बोट ठेवून म्हणाली की मला विमान चालवायला शिकायचंय. ताईबाई म्हणाली, शीक. श्रीपती काहीच बोलला नाही, कारण असल्या जाहिरातींतून खरंच कुणाची निवड होत असेल असं त्याला वाटत नव्हतं. निवड झाली. बारामतीच्या विमानतळावर पोरीचं शिक्षण सुरू झालं आणि तिला पोचवायला गेलेल्या श्रीपतीने आयुष्यात पहिल्यांदा विमान हाताच्या अंतरावरून बघितलं. त्याची नजर पंखांवर गेली नाही, रंगावर गेली नाही. तो सरळ नाकापाशी जाऊन उभा राहिला, मग मागं गेला, वाकून पोटाखाली बघितलं, आणि तिथल्या शिकवणाऱ्या तरुण साहेबांना अदबीनं विचारलं, "दुसरं इंजिन कुटं बसवलंय?"

साहेब म्हणाले, काका, एकच असतं.

"अन् ते बंद पडलं तर?"

"बंद पडत नाही, काका."

पस्तीस वर्षं ज्याची चूल बंद पडलेल्या मोटारींवर पेटली, त्याला हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. इंजिन एकशे ऐंशी हॉर्सपॉवरचं आहे हे ऐकून तर त्याचा जीव आणखीच लहान झाला. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढतो आणि तरी जमिनीवर राहतो. तो घाटात थांबला तर चाकाखाली दगड लावता येतो. वर दगड कुठं लावणार? परतीच्या वाटेवर घर येईपर्यंत त्याने तीनदा मोटारसायकल उभी केली आणि उगाच स्पार्क प्लग तपासला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सातला त्याचा बारामतीला फोन. जेवलीस का, हा एक प्रश्न ताईबाईच्या वाटणीचा. बाकीचे सगळे त्याचे. तेलात पाणी गेलं तर? पंख्याला पक्षी लागला तर? टाकीत कचरा आला तर? मोटारीला काय काय होतं हे तालुक्यात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रश्न संपतील अशी आशाही नव्हती. प्रियदर्शनी आधी हसून उत्तरं द्यायची, मग थोडक्यात द्यायची, मग नुसतं "हं" म्हणायची. आणि मग पौष संपता संपता तिने सांगितलं, की आता दहा-बारा दिवसांत सोलो आहे. सोलो म्हणजे साहेब खाली उतरणार आणि विमान तिने एकटीने वर नेऊन एक गोल फेरी मारून परत आणायचं.

श्रीपतीने फोन ताईबाईच्या हातात दिला आणि ओट्यावर जाऊन बसला. इंजिन एक, पंखा एक, आणि आत पोरगी एकटी.

आता त्याचा भाचा संघपाल. इंदापुरात तहसील कचेरीच्या अंगाला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. सातबारे, पीकविम्याचे अर्ज, दाखले, सगळी कागदं त्याच्याकडं निघतात. मामा रोज दुपारी येऊन बाकड्यावर बसतो आणि गिऱ्हाइकांना विमानाच्या तेलाचं प्रेशर समजावतो, हे पाहून संघपालने एक तोड काढली. त्याने एका कॉम्प्युटरवर विमान बांधायचा खेळ टाकला. भाग निवडायचे, जोडायचे, इंजिन बसवायचं, आणि धावपट्टीवर आणून उडवायचं.

"मामा, तुमी सोता बांधा. आपल्या हातानं बांधलेल्यावर तुमचा इस्वास बसतुया, मला म्हाईत हाय."

श्रीपतीने चष्मा पुसला. खेळ वगैरे शब्द त्याला मान्य नव्हता. ही तपासणी होती. लेकीच्या विमानासारखंच एका इंजिनाचं, वरून पंख असलेलं विमान त्याने दोन दुपारी घालून जोडलं. आत खुर्चीत हेल्मेट घातलेलं एक बाहुलं बसलेलं असायचं, ते खेळवाल्यांनीच दिलेलं. मग त्याने इंजिन पूर्ण सोडलं, म्हणजे रेस शेवटापर्यंत दिली. विमान धावपट्टीवरून धावलं, धावतच राहिलं, आणि धावपट्टी संपली तिथून सरळ समुद्रात गेलं. श्रीपतीने समुद्र कधी पाहिला नव्हता. तो त्याला धरणाच्या नावानं उजनी म्हणायचा. बाहुलं उजनीत बुडायला लागलं. त्याने खुर्ची मागं सारली आणि म्हणाला, "संघपाल, आदी त्याला भाईर काढ."

संघपाल म्हणाला, मामा, ते खरं न्हाय. मामाला ते ठाऊक होतं. तरी बाहुलं बाहेर येईपर्यंत तो खुर्चीत परत टेकला नाही.

मग सुरू झाला ताकद वाढवण्याचा उद्योग. एका इंजिनाला ताकद कमी पडते, तर दुसरं लावू. हा तर त्याचा आवडता विचार. दोन झाली, चार झाली. चार इंजिनांच्या वजनानं विमान नाक टेकून जागीच बसलं, नैवेद्याच्या पानावर वाकलेल्या म्हाताऱ्यासारखं. मग मागच्या बाजूला दोन लावली, तोल सांभाळायला. सहा इंजिनं झाली तेव्हा पंखांना जागा उरली नाही. दाखल्याला आलेला एक गृहस्थ पडद्याकडं बघून म्हणाला, ही कुठल्या कारखान्याची मळी ढवळायची यंत्रणा? श्रीपती सातव्याला जागा शोधत होता.

पंखा मोठा करून बघितला. पंख्याची पाती जमिनीला घासली. चाकांचे पाय उंच केले. विमान उंटासारखं झुलायला लागलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्यातला मोटारवाला जागा झाला. पंपात पंखा मोटारीला झेपेल एवढाच ठेवावा लागतो. पंख्याचा घास मोठा झाला की मोटार गुरगुरते, तापते, आतल्या तारांचं वायंडिंग जळतं, आणि पाणी मात्र येत नाही. इथंही तेच तर चाललं नव्हतं? त्याने शोधत शोधत पात्याचा तिरपेपणा बदलायची जागा काढली. पाती फार तिरपी होती. उभ्या विमानाला एवढा हवेचा घास गिळवत नव्हता. त्याने पाती थोडी सपाट केली. इंजिनाचा आवाज मोकळा झाला, पंखा भराभर फिरायला लागला, आणि एका इंजिनावरचं विमान धावपट्टीच्या शेवटच्या टोकाला हातभर उचललं गेलं. हातभरच. मग उजनी.

संघपालने इंटरनेटवर धुंडाळून आणखी एक वाट काढली. खेळाच्या फाईलमध्ये शिरून इंजिनाच्या ताकदीचा आकडा हातानेच बदलायचा. एकाचे दीड करायचे, दोन करायचे. ही लबाडी झाली का, असं त्याने मामाला विचारलं. मामाने आयुष्यभर पाट्यांवर तीन हॉर्सपॉवर आणि आत पाच हॉर्सपॉवर अशा मोटारी उघडल्या होत्या. तो म्हणाला, पाटीवर काय लिवलंय ते राहू दे, आत वाढव.

आणि मग वजन. एकेक भाग काढताना श्रीपतीचा हात चांगलाच चालला. जादा खुर्ची काढली. दिवे काढले. बाहुलंही काढलं, संघपालला त्याने वजनाचं कारण सांगितलं, आणि संघपालने ते मान्य केलं असं दाखवलं. शेवटी त्याला पंखांमधल्या टाक्या दिसल्या. केवढ्या मोठ्या टाक्या, आणि त्यात काठोकाठ भरलेलं पेट्रोल. पस्तीस वर्षं खांबावरून येणाऱ्या विजेवर मोटारी चालवलेला माणूस तो. मोटारीनं आपली शक्ती पाठीवर वाहून न्यावी ही गोष्टच त्याच्या हिशेबात नव्हती. एवढं ओझं कशाला, म्हणून त्याने टाक्या जवळजवळ कोरड्या केल्या.

विमान निम्म्या धावपट्टीतच उचललं. असं उचललं की संघपालच्या दुकानातली तीन गिऱ्हाइकं उठून मागं येऊन उभी राहिली. श्रीपतीच्या ओठांवर कितीतरी दिवसांनी हसू आलं. पन्नास फूट, शंभर फूट, दीडशे, दोनशे.

आणि इंजिन थांबलं.

बंद पडलेल्या मोटारीची शांतता श्रीपतीला अंगानंच ओळखू यायची. लांबच्या विहिरीवरची मोटार थांबली तरी झोपेतून त्याचे डोळे उघडत. ती शांतता आता पडद्यातून बाहेर आली. पंखा एकदा-दोनदा फिरून आडवा उभा राहिला. खाली पसरलेलं सपाट हिरवं काहीतरी होतं. श्रीपतीने जिवाच्या आकांताने विमान मागं वळवायचा प्रयत्न केला, धावपट्टी मागंच तर होती. विमान एका पंखावर कलंडलं, उलटं झालं, आणि सरळ खाली गेलं. त्यात बाहुलं नव्हतं. त्याने रिकाम्या खुर्चीत जे बसलेलं बघितलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

चूक त्याचीच होती, पेट्रोल त्यानेच काढलं होतं, हे संघपालने दहा मिनिटांनी शोधून दाखवलं. पण भीतीला कारण दाखवून ती कमी होत नाही. त्या संध्याकाळी सातला श्रीपतीने लेकीला एकच प्रश्न विचारला, आणि तोच तीनदा विचारला. दोनशे फुटांवर इंजिन थांबलं तर? दोनशे फुटांवर थांबलं तर, पोरी? मागं वळायच्या आत पडतंय ते, मी डोळ्यांनी बघितलंय. पलीकडून ती एवढंच म्हणाली, आबा, ठेवते, परवा सोलो आहे.

परवा, म्हणजे शुक्रवारी, सोलो झाल्यावर तिचा फोन आला नाही, आणि सातला त्याने केला तो तिने उचलला नाही. शनिवारी आला नाही. शनिवारी श्रीपतीने एका मोटारीचं वायंडिंग उलटं भरलं, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी विहारात वंदनेला बसला होता तेव्हा ताईबाईने खूण केली. संघपालचा फोन आला होता: लेक एसटीने इंदापुरात उतरली होती, आणि घरी न येता थेट संघपालच्या दुकानात गेली होती.

श्रीपती पोचला तेव्हा प्रियदर्शनी कॉम्प्युटरपुढं बसून सहा इंजिनांच्या जुन्या विमानाकडं बघत होती. संघपालने तिला सगळं दाखवलं होतं. ती हसत होती, पण डोळे सुजलेले होते. तिनेच सांगितलं. शुक्रवारी सकाळी साहेब उतरले, दार लावलं, अंगठा वर केला. ती विमान घेऊन धावपट्टीच्या तोंडाशी गेली. परवानगी मिळाली. इंजिन पूर्ण सोडायला रेसच्या दांड्यावर हात ठेवला आणि हात पुढं जाईना.

"तुमचा आवाज आला, आबा. दोनशे फुटांवर थांबलं तर. मी विमान वळवलं आन् परत आणून लावलं."

साहेब रागावले नव्हते. पहिल्या वेळी होतं कधीकधी, असं म्हणाले होते. येत्या गुरुवारी सकाळी नऊला पुन्हा संधी होती. पण गुरुवारीही हात पुढं गेला नाही तर मग बसून विचार करावा लागेल, असंही म्हणाले होते, आणि तो विचार काय असणार ते बापाला आणि लेकीला दोघांनाही कळत होतं.

श्रीपती बाकड्याच्या टोकावर टेकला. आजवर त्याची भीती त्याच्याजवळ होती, त्याच्या सोलांमध्ये आणि गाठींमध्ये. तिने कुणाचं वाईट केलं नव्हतं. आता ती फोनमधून बारामतीला जाऊन पोरीच्या मनगटावर बसली होती. तो म्हणाला, आता मी फोन करणार न्हाय. एक शब्द इचारणार न्हाय. दगड गिळून गप बसंन.

"मग मला जास्त भ्या वाटंल," प्रियदर्शनी म्हणाली. "तुमी गप बसला म्हंजे कायतरी लई वाईट हाय, आसं लहानपणापासून ठरलेलं हाय. तुमी इचारा. पर आबा, इचारल्यावर उत्तर ऐकून घ्या. आजपतुर तुमी एकाबी प्रश्नाचं उत्तर ऐकलं न्हाय."

हे खरं होतं. श्रीपती बाकडं ओढून तिच्यासमोर बसला. संघपालने गिऱ्हाइकाला उगाच झेरॉक्स काढायला पाठवलं.

"दोनशे फुटावर थांबलं तर?"

"नाक खाली करायचं. मागं वळायचं न्हाय. वळला तो पडला, तुमी बघितलंयच. नाक खाली केलं की विमान तरंगत उतरतं, दगडागत पडत न्हाय. समोर जे रान दिसंल त्यात उतरायचं. आमच्याकडनं रोज करून घेत्यात हे, साहेब शेजारी बसलेले आसताना."

श्रीपतीने ऐकून घेतलं. खरंच ऐकलं. आणि मग त्याने जो प्रश्न विचारला तो आधीच्या शंभर प्रश्नांसारखा नव्हता.

"समोर रान कसलं हाय?"

"ऊस."

"उभा का तुटलेला?"

प्रियदर्शनीने डोळे मिटून धावपट्टीचं टोक आठवलं.

"वरनं हिरवं दिसतं काय जागी. काय जागी पिवळट."

"पिवळट म्हंजे पाचट. तुटलाय. सऱ्या उभ्या हायती का आडव्या? आडव्या सरीत चाक गेलं तर पालथं हुईल. पाणी दिलंय का? भिजल्यालं रान आसलं तर चाक रुततंय. खांब कुटून गेल्यात?"

तिला यातलं एकही सांगता येईना. आणि श्रीपतीच्या लक्षात आलं, की इंजिनाची ताकद वाढवायला आपण आठ-दहा दिवस घालवले, त्या ताकदीतलं आपल्याला काहीच कळत नव्हतं. पण खालची जमीन कळत होती. जमिनीतलं एवढं कळत होतं, की आता भीती दुप्पट झाली.

सोमवारी तो मोटारसायकल घेऊन बारामतीकडं निघाला. धावपट्टी जिकडं संपते त्या अंगाची रानं त्याने कुंपणाबाहेरून पायी पालथी घातली. दोन दिवस. एका मोटारीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर त्याने नकाशा काढला: डावीकडं उभा ऊस, माणूस बुडंल एवढा, त्यापुढं विजेची मोठी लाईन, उजवीकडं शेततळं, आणि बरोबर मधोमध, नाकासमोर, तीन एकरांचं तुटलेलं रान, सऱ्या धावपट्टीच्याच दिशेनं, अजून कोरडं. पोरीला त्याचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: आबा, हे साहेबांनाही दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, मधलंच रान धरायचं.

हे वाचून सुटकेचा श्वास टाकावा, तर श्रीपतीला दिसलं की त्या रानाच्या विहिरीवर स्टार्टर चालू करायला एक म्हातारा निघालाय.

म्हाताऱ्याचं नाव दत्तोबा. ऊस तुटून गेला, आता बुडख्यांतून फुटणाऱ्या खोडव्याला पहिलं पाणी द्यायचं, आणि या आठवड्यात शेतीच्या लाइटीची दिवसपाळी. पुढच्या आठवड्यात लाइट रात्रीची. दिवसाची लाइट असताना पाणी दिलं नाही तर सत्तरीच्या माणसाला अंधारात बॅटरी घेऊन बांधावर हिंडावं लागणार. हे सगळं श्रीपतीला दत्तोबापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. तरी तो त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, तात्या, गुरुवारी सकाळी साडेनऊपतुर हे रान भिजवू नका.

दत्तोबाने कारण विचारलं. श्रीपतीने सांगितलं. दत्तोबाने त्याच्याकडं बघितलं, मग आभाळाकडं, मग आपल्या रानाकडं.

"म्हंजे तुमच्या पोरीचं इमान माज्या उसात पडनार?"

"न्हाय पडणार."

"मग रान कोरडं कशाला?"

एवढं म्हणून दत्तोबाने स्टार्टरचं बटन दाबलंही. श्रीपती मोटारीकडं वळला. तिच्या आवाजात एक खरखर होती. बोलता बोलता तो वाकला, कान लावला. बेअरिंग गेलंय, म्हणाला. आठ दिवसांत शाफ्ट घासंल, मग वायंडिंग. दत्तोबाला ही खरखर महिनाभर ऐकू येत होती. त्याने पटका सारखा केला.

"मंग गुरवारी सकाळी बेरिंग बदला. मोटार खोलल्याली आसली की रान कोरडंच ऱ्हातंय. आन् आज-उद्या मी त्या अंगाचं भिजवतो, हे राखून. पर श्रीपतराव, हे कुणाला सांगू नगा. इमानासाठी पाणी बंद ठेवलं म्हनून लोक मला हसत्याल."

गुरुवारी सकाळी आठला श्रीपतीने मोटार खोलली. ताईबाई बरोबर आली होती. ती बांधावर बसून शेंगा फोडत होती, आणि फोडलेली एकही शेंग तोंडात टाकत नव्हती. श्रीपतीने पुलर लावून जुनं बेअरिंग ओढून काढलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी धावपट्टीच्या बाजूने आवाज आला. आधी घुमणारा, मग चढणारा. इंजिन पूर्ण सोडलं होतं. म्हणजे हात पुढं गेला होता.

श्रीपतीने मान वर केली नाही. त्याला वर बघवेना. तो समोरच्या सऱ्यांकडं बघत राहिला, एकेका सरीच्या टोकापासून टोकापर्यंत, जणू त्याची नजर ढळली तर रान आखडून जाईल. ग्रीसने माखलेलं नवं बेअरिंग हातात धरून तो आकडे मोजत होता. पन्नास, शंभर, दीडशे. आवाज डोक्यावर आला. दत्तोबा पटका हातात धरून वर बघत होता आणि लग्नात वऱ्हाडाची वर्दी द्यावी तशी बातमी देत होता.

"गेलं वरनं. सरळ हाय. वळलं बगा. पलीकडं चाललंय."

मग आवाज लांबून, बाजूने येत राहिला. एकसारखा. श्रीपती बेअरिंग बसवायला वाकला. आणि त्याच वेळी आवाज एकदम बसला. सगळा नाही, पण निम्म्याहून जास्त. मोटारीचा भार निघून गेल्यावर होतो तसा पोकळ, खाली येणारा आवाज. श्रीपती बांधावर ताईबाईशेजारी जाऊन बसला, आणि ताईबाईने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत त्याचा हात धरला.

"थांबलं," तो म्हणाला.

"थांबलं न्हाय," दत्तोबा वर बघतच म्हणाला. "खाली यायला लागलंय. खाली यायचं तर रेस कमी करावीच लागंल की. तुमी मिस्त्री का मी?"

आणि मग झाडांमागं काही दिसेना. काही ऐकू येईना. किती वेळ ते श्रीपतीला नंतर कधीच सांगता आलं नाही. शेवटी धावपट्टीकडून एक चिर्रकन आवाज आला, चाकं टेकल्याचा, आणि त्यामागून जमिनीवरून सावकाश चालणाऱ्या इंजिनाचा गुरगुराट.

श्रीपती उठला. त्याने बेअरिंग बसवलं, शाफ्ट फिरवून बघितला, झाकण लावलं, बोल्ट आवळले, पुन्हा आवळले. स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं. मोटार खरखर न करता सुरू झाली, पाइपातून पाण्याचा लोट आला, आणि दत्तोबाने फावड्याने बारं धरलं, पाणी सरीत वळवलं. पहिली सरी काळी होत पुढं सरकली, मग दुसरी, मग तिसरी.

तेव्हा फोन वाजला.

"आबा, झालं. सगळ्यांनी बादल्या ओतल्या अंगावर, रीत हाय म्हनं हितली. वरनं तुमचं रान दिसलं. पिवळं. सरळ."

"व्हय," श्रीपती म्हणाला.

"आन् आबा, साहेब खूश हायती. उद्या परत एकटी. आता रोजच."

फोन कानाला तसाच धरून श्रीपतीने रानाकडं बघितलं. पहिल्या सऱ्या भिजून काळ्या झाल्या होत्या. पाणी सरीसरीतून झुळझुळ पुढं चाललं होतं आणि संध्याकाळपर्यंत तीनही एकर चिखल होणार होते. दत्तोबा फावड्यावर रेलून त्याच्याकडं बघत होता, अगदी शांतपणे, पुढं काय येणार ते ठाऊक असल्यासारखा.

"तात्या," श्रीपतीने आवाज खाली आणून विचारलं, "त्या शेततळ्यापलीकडचं, परवा तोड झालेलं रान कुणाचं हाय?"